अभ्रिकांचे हौशी छायाचित्रण

तारकांच्या दरम्यान पसरलेल्या वायू व धूळ यांच्या मेघांना अभ्रिका म्हणतात. मोठ्या दूरदर्शकातूनही त्या बहुधा फिकट करड्या दिसतात. कारण मंद प्रकाशात डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत व आलेला प्रकाश तो साठवून ठेवू शकत नाही. छायाचित्रण काच मात्र हा प्रकाश तासन्‌तास साठवू शकते. या गुणामुळे १८८० नंतर अभ्रिकांचा अभ्यास हाताने काढलेल्या रेखाटनांकडून छायाचित्रांकडे वळला. हे परिवर्तन घडविणाऱ्यांपैकी अनेकांचा व्यवसाय ज्योतिषशास्त्र हा नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कोलोडियनाची ओली काच थोड्याच मिनिटांत वाळून निकामी होई. जिलेटिनाच्या कोरड्या काचा उपलब्ध झाल्यावर दीर्घ उद्भासन शक्य झाले. अमेरिकेतील वैद्य हेन्‍री ड्रेपर (१८३७–८२) यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी सुमारे ५० मिनिटांच्या उद्भासनाने मृग नक्षत्रातील अभ्रिकेचे पहिले छायाचित्र घेतले. इंग्लंडमधील आरोग्य अभियंते अँड्रू एन्‌स्‌ली कॉमन (१८४१–१९०३) यांनी १८८३ मध्ये ९१ सेंमी. व्यासाच्या परावर्ती दूरदर्शकाने याच अभ्रिकेची छायाचित्रे घेतली. डोळ्याला कधीच न दिसलेले तारे त्यांच्या काचेवर उमटले. बांधकाम व्यावसायिक आयझॅक रॉबर्ट्‌स (१८२९–१९०४) यांनी १८८८ मध्ये देवयानीतील ‘अभ्रिके’ची सर्पिल रचना छायाचित्राने दाखविली. तेथे नवी सूर्यमाला घडत असावी, असा अर्थ त्यांनी लावला. ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे १९२० नंतरच्या दशकात हबल यांनी सिद्ध केले. छायाचित्र अचूक होते, वाचन चुकीचे होते.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ पुण्यात झाला. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी तेथील विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तेथील ग्रब कंपनीचा सुमारे ५१ सेंमी. व्यासाचा परावर्ती दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. अभ्रिकांच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमामुळे येते, असे नॉर्मन लॉक्यर यांचे मत होते. ते खरे असते, तर ती रेषा एका बाजूस पट्ट्यासारखी पसरलेली दिसली असती. नायगमवाला यांना मृगातील अभ्रिकेत ती स्वच्छ व तीक्ष्ण आढळली आणि त्यांनी १८९१ मध्ये तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता, अशा ख्यातनाम शास्त्रज्ञाच्या सिद्धांताविरुद्ध ही साक्ष होती. ही रेषा अतिविरल अवस्थेतील आयनीभूत ऑक्सिजनाची आहे, असे १९२७ मध्ये बोएन यांनी दाखविले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली व दूरदर्शक कोडईकानलला गेला.

मानवत व परभणी जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. तेथील नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वखर्चाने वेधशाळेची सामग्री इंग्लंडमधून आणविली. तीत ताऱ्यांच्या छायाचित्रणासाठी २० सेंमी. व्यासाचा कुक कंपनीचा दूरदर्शक होता. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी वेधशाळा सरकारने आपल्याकडे घेतली. निझामिया या नावाने ती आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रीय सर्वेक्षणात सहभागी झाली व −१७° ते −२३° क्रांतीचा पट्टा तिच्याकडे आला. एका हौशी अमीराची सामग्री अशा प्रकारे शास्त्राच्या कामी आली. ते काम पाहण्यास तो मात्र हयात नव्हता. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाल्यावर हौशी आकाशनिरीक्षणाला संस्थेचा आधार मिळाला.

फिल्मवरील छायाचित्रणात दोन अडचणी मुख्य होत्या. पहिली म्हणजे आकाशाच्या दैनंदिन गतीचा पाठपुरावा. यासाठी दूरदर्शकाची बैठक ध्रुवाशी अचूक जुळवावी लागते; शिवाय मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून हाताने सतत सुधारणा कराव्या लागत. दुसरी म्हणजे मंद प्रकाशात उद्भासन लांबत गेले की, पायसाची संवेदनक्षमता घटते. १९७० नंतर हौशी मंडळी फिल्म हायड्रोजनयुक्त वायूत तापवून हा दोष कमी करीत.

इलेक्ट्रॉनीय संवेदकांनी ही पद्धती बदलली. एका दीर्घ उद्भासनाऐवजी काही मिनिटांची अनेक चित्रे घेऊन संगणकाने त्यांची सरासरी काढतात. यादृच्छिक गोंगाट चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १०० चित्रांनी तो एक-दशांश होतो. दूरदर्शक झाकून तेवढ्याच वेळेची व तापमानाची काळी चित्रे घेतात व ती वजा करून संवेदकाचे दोष काढतात. एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्राने भागून कडांची काळोखी व धुळीचे डाग घालवितात. त्यानंतर मंद छटा ताणून दृश्य करावयाच्या असतात. नवशिक्याचा हात येथेच सैल सुटतो. अति ताणल्याने व कृत्रिम धार दिल्याने अभ्रिकेत नसलेले तंतू निर्माण होतात. साध्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनाचा ६५६·३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराचसा अडविते, म्हणून अनेक जण ती काढून टाकतात. हबल अवकाश दूरदर्शकाच्या १९९५ च्या गरुड अभ्रिकेच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनाला हिरवा व ऑक्सिजनाला निळा रंग दिला होता. अशी रंगयोजना नकाशातील रंगांप्रमाणे वाचावयाची असते. डोळ्याला तसे दृश्य दिसणार नाही.

या कसोट्या किती मोलाच्या आहेत, हे २०२३ मध्ये दिसून आले. काही हौशी छायाचित्रकारांना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनाच्या ५००·७ नॅनोमीटरच्या प्रकाशात एक विस्तीर्ण, अतिमंद कंस आढळला. ही पुण्यात तपासलेलीच रेषा होय. रॉबर्ट्‌स यांच्यापासून असंख्य वेळा टिपलेल्या या भागात तो कोणाच्या ध्यानी आला नव्हता. परावर्तनाचा वा प्रक्रियेचा दोष नसल्याची खात्री निरनिराळ्या दूरदर्शकांनी चित्रे घेऊन करण्यात आली, मगच शोध प्रसिद्ध झाला.

मानवतच्या अक्षांशावर (सु. १९° उ.) ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९° वर असल्याने घरे-झाडे त्याच्या आड येतात व बैठक जुळविणे कठीण जाते. मृगातील अभ्रिका मध्यमंडलावर सु. ६५° उंच येते आणि तिचा काळ हिवाळ्यातील निरभ्र रात्रींचा असतो. नौकातलातील मोठी अभ्रिका ११° पलीकडे चढत नाही. क्षितिजाजवळच्या धुळीत तिची छटा तांबूस होते. धनू राशीतील मेसिए ८ सु. ४६° उंची गाठते. परंतु तिचा मध्यरात्रीचा काळ जूनअखेर, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो. म्हणून मराठवाड्यातील छायाचित्रकाराला ती मार्च-एप्रिलमध्ये, पहाटेपूर्वीच्या दोन-तीन तासांतच टिपावी लागते.