कमरा, कॅमेरा आणि अंधुक उजेड

‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘क़मरा’वरून आला, असा मेसेज समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. वाचून छाती फुगते, पण व्युत्पत्ती तशी नाही. कॅमेरा हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ कमानदार छताची खोली. त्याचंच पोर्तुगीज रूप हिंदुस्थानात आलं आणि उर्दूत ‘कमरा’ झालं. म्हणजे कमरा आणि कॅमेरा ही सख्खी भावंडं. गंमत अशी, की कॅमेरा सर्वांत जास्त अडखळतो तो याच भावाच्या घरी, संध्याकाळनंतर, एका ट्यूबलाइटच्या उजेडात. लेन्स पुढे-मागे फिरत राहते, फोकस सापडत नाही आणि क्षण निघून जातो.

मुसलमानांनी या इतिहासात अभिमान बाळगावा अशी गोष्ट शब्दात नाही, पद्धतीत आहे. इ.स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाज़िर’ लिहिली. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जागच्या जागी. एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, या रीतीला ते ‘एतिबार’ म्हणत. उर्दूतला ‘एतबार’ आणि मराठीतला ‘इतबार’ हाच शब्द. आपल्याकडे त्याचा अर्थ विश्वास. त्यांच्याकडे तपासून पाहणं.

छिद्राच्या त्या खोलीत फोकसचा प्रश्नच नव्हता. बारीक छिद्रातून जवळचं आणि लांबचं सारखंच दिसतं, पण फार अंधुक. छिद्र मोठं करून त्यात भिंग बसवलं की उजेड भरपूर येतो. मात्र एका ठरावीक अंतरावरचीच वस्तू रेखीव दिसते. फोकस ही उजेडासाठी मोजलेली किंमत आहे. पुढची सगळी कहाणी ही किंमत यंत्राकडून वसूल करून घेण्याची आहे.

१९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने ‘सी३५ एएफ’ हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला. त्यातला मेंदू अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा होता. दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रं जुळतात का, ते तो पाही. साहजिकच चित्र दिसेल इतका उजेड लागे. १९७८ साली पोलरॉइडने वेगळी वाट धरली. त्यांचा कॅमेरा वटवाघळासारखा ऐकू न येणारा ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजी. पूर्ण अंधारातही तो चाले, पण खिडकीतून बाहेरचा फोटो काढायला गेलं की काचेवरच फोकस करी. १९७९ साली कॅननने अवरक्त किरण वापरले. त्यालाही अंधाराची अडचण नव्हती, मात्र पल्ला मर्यादित होता.

१९८५ साली मिनोल्टाचा ‘७०००’ आला आणि व्यावसायिक छायाचित्रकारही ऑटोफोकसकडे वळू लागले. याची पद्धत फेज डिटेक्शनची. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला उजेड ताडून कोणत्या दिशेला आणि किती सरकायचं, हे ती एकदमच सांगते. या यशाच्या मागोमाग खटला आला. आपल्या पेटंटचा भंग झाला, असं हनीवेलचं म्हणणं होतं. १९९२ साली अमेरिकी न्यायालयात निकाल मिनोल्टाच्या विरोधात गेला आणि शेवटी १२ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतर इतर कंपन्यांनीही पैसे मोजले. फोकस ही केवढी महागडी वस्तू आहे, हे तेव्हा कळलं.

डिजिटल काळात छोट्या कॅमेऱ्यांनी फेज डिटेक्शनचे वेगळे सुटे भाग टाळले आणि कॉन्ट्रास्ट पद्धत घेतली. लेन्स थोडी सरकवायची, चित्राच्या कडा ठळक झाल्या का पाहायचं, पुन्हा सरकवायची. शिखर ओलांडल्याशिवाय शिखर कळत नाही, म्हणून परत मागे यायचं. दिवसा हे चटकन होतं. रात्री घरात प्रत्येक पायरीला सेन्सरला जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो, चित्रात कणकण येतात आणि कडा कुठली, कण कुठला, हेच यंत्राला उमगत नाही. लेन्सचं भटकणं ते हेच. २०१० साली फुजीफिल्मने सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे बिंदू बसवले. २०१३ साली कॅननच्या ‘ईओएस ७०डी’मध्ये बहुतेक सेन्सरभर प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केले गेले आणि ते फोकसही करू लागले. अंदाज संपला, दिशा कळू लागली.

मग आकड्यांची स्पर्धा सुरू झाली. २०१२चा ‘ईओएस ६डी’ मधल्या बिंदूवर उणे ३ ईव्हीपर्यंत फोकस करी, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यात. २०१८च्या ‘ईओएस आर’चा आकडा उणे ६. ईव्हीची एक पायरी म्हणजे उजेड निम्मा. तीन पायऱ्या म्हणजे एक अष्टमांश. ऐकायला जबरदस्त. पण तो उणे ६चा आकडा एफ १.२च्या महागड्या लेन्सवरचा आहे. झूम केल्यावर एफ ५.६ होणारी साधी लेन्स लावली की सेन्सरपर्यंत त्याच्या बावीसाव्या हिश्श्याइतकाच उजेड पोहोचतो. शिवाय हा आकडा फोकस कुठवर जमतो एवढंच सांगतो, किती वेळात जमतो ते नाही. रात्री दिवे लावलेल्या घरात साधारण ५ ते ६ ईव्ही उजेड असतो, म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी वर. तिथेही कॅमेरा अडतो, तो समोरच्या वस्तूमुळे. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कुर्ता, काळा सपाट बुरखा, यांत यंत्राला धरायला कडाच नसते. त्याच उजेडात जरीच्या काठावर किंवा डोळ्यांच्या पापण्यांवर बिंदू ठेवला, तर फोकस पटकन बसतो.

म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची तर इब्न अल-हैसमच्या दिव्यांसारखी करावी. खोली तीच, दिवा तोच, वस्तू तीच, अंतर तेच, लेन्सचं छिद्रही तेवढंच. दर वेळी लेन्स आधी लांबच्या टोकावर न्यावी, मग बटण दाबावं. एकदा नव्हे, वीसदा. किती वेळ लागला याच्या जोडीने वीसपैकी किती फोटो खरोखर रेखीव आले, तेही मोजावं. झटकन पण चुकीच्या जागी बसलेला फोकस हा वेग नव्हे. आणि बदलायची गोष्ट एकच: कॅमेरा.

हा काही हौशी लोकांचा खेळ नाही. लहान गावांतले कितीतरी तरुण हप्त्यांवर कॅमेरा घेऊन निकाह आणि वलीमे टिपतात. जाहिरातीतला आकडा पाहून सगळे पैसे बॉडीत घालतात आणि लेन्स सोबत मिळालेलीच ठेवतात. बऱ्याचदा जुनी बॉडी आणि एफ १.८ची स्वस्त लेन्स त्यांना जास्त उपयोगी पडली असती. खुतब्यात आणि दुआच्या वेळी फ्लॅश मारू नये, हा अदब आहे. तिथे यंत्राला असलेल्या उजेडातच काम करावं लागतं आणि ‘क़ुबूल है’ पुन्हा म्हणवून घेता येत नाही. हप्ते भरण्याआधी दुकानात मित्राची लेन्स घेऊन जावं, दुकानाचा सर्वांत अंधारा कोपरा शोधावा आणि तिथे वीस फोटो काढावेत. आपल्या अर्थाचा इतबार त्यांच्या अर्थाच्या एतिबारानंतरच ठेवावा.