रिकाम्या खुर्चीचं गणित

विमानाचं तिकीट सकाळी एका भावात आणि संध्याकाळी भलत्याच भावात दिसलं की आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. पण यामागे एक साधं गणित आहे, आणि त्याने एक अख्खी विमान कंपनी जेरीस आणली होती!

गोष्ट अमेरिकेतली. तिथे १९३८ पासून भाडी सरकारी मंडळाच्या हातात होती. १९७८ च्या कायद्याने ते बंधन सुटायला लागलं आणि १९८१ मध्ये पीपल एक्सप्रेस ही कंपनी उडू लागली. कारभार एकदम सुटसुटीत: गर्दीच्या वेळी एक दर, एरवी त्याहून कमी. लोक अक्षरशः तुटून पडले.

अमेरिकन एअरलाइन्सला सगळ्यांना एवढं स्वस्त नेणं परवडणारं नव्हतं. पण विमान सुटलं की रिकामी खुर्ची वायाच जाते. मग तेवढ्याच खुर्च्या स्वस्तात विकल्या तर? पण कुठल्या रिकाम्या राहणार हे आधी कळणार कसं?

याचं सूत्र बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. समजा, स्वस्त तिकीट १२० डॉलरचं आणि महाग ३०० चं. ऐनवेळी ३०० देणारा येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर खुर्ची राखून ठेवा. कमी असेल, तर १२० ला देऊन मोकळे व्हा. बस्स!

अमेरिकनकडे सेबर ही संगणकीय बुकिंग यंत्रणा होती, म्हणजे अंदाज बांधायला भरपूर डेटा. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी पीपल एक्सप्रेसच्या तोडीचे दर जाहीर केले, पण मोजक्याच खुर्च्यांवर आणि बरंच आधी बुकिंग करणाऱ्यांना. पीपल एक्सप्रेसकडे असं सॉफ्टवेअर नव्हतं, शिवाय फ्रंटियर ही कंपनी विकत घेतल्याचा बोजा होताच. १९८७ मध्ये ती कॉन्टिनेंटलमध्ये विरून गेली.

आजही मूळ तत्त्व तेच. स्वस्त कप्प्यातल्या खुर्च्या संपल्या की पुढचा कप्पा उघडतो, बुकिंग मंदावलं की स्वस्त कप्पा परत उघडू शकतो. इंधनाचा खर्च तोच, बदलतो तो फक्त अंदाज.

इंजिनिअर म्हणून मला हे सूत्र जाम आवडतं. पण ऐनवेळी तिकीट काढणारा प्रत्येकजण काही कंपनीच्या खर्चाने मीटिंगला निघालेला नसतो. घरून रात्री फोन आला म्हणून धावत निघालेला माणूसही सूत्राच्या लेखी फक्त ‘३०० देणारा’ असतो. स्वस्त तिकिटाचा उरलेला हिशोब बऱ्याचदा त्याच्या खिशातून पुरा होतो.