स्कॉटलंडमधील मच्छीमारी वारसा व त्याचे स्वयंसेवी जतन

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील मासेमारीशी, विशेषतः हेरिंग या माशाच्या मासेमारीशी, निगडित असलेल्या नौका, अवजारे, कौशल्ये, वेशभूषा व स्मृती यांचे स्थानिक नागरिकांनी चालविलेले संरक्षण व प्रसारकार्य. या कार्यास संघटित स्वरूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. निवृत्त मच्छीमार, त्यांच्या कुटुंबांतील स्त्रिया, शिक्षक, सुतार व हौशी नाविक यांनी ते उभे केले. आरंभी वस्तू गोळा करणे, एवढाच त्याचा हेतू होता. पण वस्तू टिकली तरी ती वापरण्याचे ज्ञान टिकतेच असे नाही, हे कार्यकर्त्यांना लवकरच उमगले आणि पुढील सर्व प्रयत्नांना त्यामुळे निराळे वळण लागले.

हेरिंग हा तारली व पाला या माशांच्याच कुलातील, थव्याने वावरणारा मासा होय. रात्री तो पृष्ठभागाजवळ येतो. नौकेच्या पुढे भिंतीप्रमाणे उभी सोडलेली जाळी प्रवाहाबरोबर वाहू द्यावयाची व पहाटे ओढून घ्यावयाची, ही त्याच्या मासेमारीची जुनी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या नौका उघड्या, म्हणजे वरचा तक्ता नसलेल्या असत. ऑगस्ट १८४८ मधील वादळात पूर्व किनाऱ्यावर १०० मच्छीमार बुडाले व १२४ नौका नष्ट झाल्या. त्यानंतर कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांनी १८४९ मध्ये सादर केलेल्या अहवालात तक्तपोशीच्या नौका बांधाव्यात व ओहोटीतही आत शिरता येईल अशी बंदरे करावीत, अशा शिफारशी होत्या. मच्छीमारांनी प्रथम त्यांना विरोध केला. तक्ता घातल्याने नौका जड होते, खर्च वाढतो व जाळी ओढण्यास जागा उरत नाही, हे त्यांचे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. तथापि पुढील काही दशकांत तक्तपोशीच्या मोठ्या नौका सर्वत्र रूढ झाल्या. पुढचे व मागचे टोक उभे असणारी ‘फायफी’ आणि मागील टोक तिरपे असणारी, १८७९ मधील झुलू युद्धावरून नाव पडलेली ‘झुलू’ हे त्यांचे प्रमुख प्रकार होत.

१९०७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सु. २५ लाख पिंपे हेरिंग खारवून निर्यात झाली. जर्मनी, पूर्व युरोप व रशिया या मुख्य बाजारपेठा होत्या. पहिले महायुद्ध व रशियन क्रांती यांमुळे त्या कोसळल्या आणि धंद्यास ओहोटी लागली. पुढे यांत्रिक नौका व मोठी जाळी यांनी माशांचे साठेच इतके घटविले, की १९७७ मध्ये उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारी बंद करावी लागली. १९९३ पासून ब्रिटिश शासनाने मासेमारी ताफा कमी करण्यासाठी नौकामालकांना अनुदान दिले. त्यासाठी नौका प्रत्यक्ष मोडून टाकणे आवश्यक होते. परिणामी अनेक सुस्थितीतील लाकडी नौका यंत्राच्या दातांखाली चिरडल्या गेल्या. माशांचे रक्षण व्हावे म्हणून केलेल्या या योजनेत नौकाबांधणीच्या एका परंपरेचा पुरावा नष्ट होत होता, याचा विचार प्रारंभी फारसा झाला नाही.

फाइफ परगण्यातील ॲन्स्ट्रदर येथे बंदराच्या काठी, सेंट आइल्स या मध्ययुगीन प्रार्थनामंदिराच्या जागी असलेल्या जुन्या इमारतींत १९६९ मध्ये ‘स्कॉटिश फिशरीज म्यूझियम’ सुरू झाले. ते शासकीय नसून स्वतंत्र धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या मालकीचे आहे. बॅन्फ येथे १९०३ मध्ये बांधलेल्या ‘रिसर्च’ या झुलू नौकेचा प्रचंड सांगाडा तेथे छताखाली ठेवला आहे. समुद्रात बुडालेल्या मच्छीमारांचे स्मारकही याच वास्तूत आहे.

संग्रहालयाची खरी कसोटी लागली ती ‘रीपर’ या नौकेच्या बाबतीत. ही दोन डोलकाठ्यांची, सु. २१ मी. लांबीची फायफी १९०२ मध्ये फ्रेझरबरानजीकच्या सँडहेवन येथे बांधली गेली. काही वर्षांनी ती शेटलंड बेटांत विकली गेली आणि १९३०–४० च्या दशकात तिने एका खेपेत २२३ क्रान हेरिंग आणून तेथील विक्रम केला. (‘क्रान’ हे ताजे हेरिंग मोजण्याचे सु. १७० लिटरचे माप असून त्यात साधारणतः १,२०० मासे मावत.) दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाच्या सेवेत होती. १९५९ मध्ये शेटलंडच्या परगणा परिषदेने ती विकत घेऊन ‘शेटलंडर’ या नावाने बेटाबेटांत मालवाहतुकीस लावली. १९७५ मध्ये ती संग्रहालयाकडे आली, तेव्हा तिचे शीड केव्हाच गेलेले होते.

तिची पुनर्बांधणी करून तिला पुन्हा शिडाखाली समुद्रात न्यावयाचे, असा निर्णय झाला. डागडुजी व संचालन यांसाठी स्वयंसेवकांचे नौकामंडळ पुढे आले. फळ्या बदलणे, फटींत ताग ठासून डांबर भरणे ही कामे कष्टाची असली, तरी ती जाणणारे सुतार किनाऱ्यावर होते. शिडाचे तसे नव्हते. फायफीचे पुढील शीड डोलकाठीच्या एका बाजूस टांगलेल्या तिरप्या काठीवर उभारलेले असते. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना नौकेने दिशा बदलली, की ते संपूर्ण शीड खाली उतरवून काठीसह डोलकाठीमागून पलीकडे न्यावे लागते व पुन्हा चढवावे लागते. त्यात क्षणाचा विलंब झाला, तर शीड उलटे भरून नौका कलण्याचा धोका असतो. एवढे अवजड शीड सहा-सात माणसांना पेलत असे, याचे कारण वाफेवर चालणारे दोरओढ यंत्र. हे यंत्र १८८० नंतर प्रचारात आले आणि त्यामुळेच नौकांचा आकार वाढू शकला. चित्रांत शीड दिसते, हुकमांचा क्रम दिसत नाही. कोणता दोर आधी सैल सोडावा आणि कोणी कोठे उभे राहावे, हे लिहून ठेवण्याचे कारण पूर्वी कोणास पडले नव्हते. मुले ते नौकेवरच शिकत. स्वयंसेवकांना हा क्रम नौका चालवूनच पुन्हा आत्मसात करावा लागला. पुढे रीपर शिडाखाली अनेक बंदरांना भेटी देऊ लागली व लोक तिच्यावर चढून पाहू लागले. जुनी नौका समुद्रात नेणे म्हणजे तिची झीज ओढवून घेणे होय, हा संग्रहालयशास्त्रातील आक्षेप खरा आहे. परंतु गोदीत जपलेल्या नौकेवर खलाशी घडत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

मासेमारीच्या इतिहासात स्त्रियांच्या श्रमाला दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. हेरिंगचे थवे ऋतुमानाप्रमाणे शेटलंडपासून इंग्लंडमधील ग्रेट यारमथपर्यंत सरकत आणि त्यांच्या मागोमाग हजारो तरुणी रेल्वेने प्रवास करीत. तिघींची एक तुकडी असे : दोघी मासे साफ करीत व तिसरी ते पिंपात रचीत असे. आखूड सुरीच्या एका झटक्यात आतडी काढून तो मासा आकारमानाप्रमाणे निरनिराळ्या टोपल्यांत, मागे न पाहता, टाकला जाई. सुरीच्या जखमांत मीठ चरचरू नये म्हणून बोटांना फडक्यांच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत. हंगामापूर्वी घेतलेल्या विसारामुळे त्या व्यापाऱ्याशी बांधल्या जात. तथापि त्या निमूट नव्हत्या, हे १९३६ मधील यारमथच्या संपावरून दिसते. या स्त्रिया वृद्ध झाल्यावर अनेक ठिकाणी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ या संस्थेने मौखिक परंपरेच्या संकलनाचा पाया आधीच घातला होता.

मच्छीमारांच्या दाट विणीच्या लोकरी अंगरख्याचे, ‘गान्झी’चे, जतनही मुख्यतः स्त्रियांनी केले. गुर्न्सी या बेटाच्या नावावरून हा शब्द आला असून मराठीतील ‘गंजीफ्रॉक’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. बुडालेल्या माणसाचे गाव अंगावरील नक्षीवरून ओळखता यावे म्हणून प्रत्येक गावाची वीण ठरलेली असे, ही कथा पर्यटकांना आवर्जून सांगितली जाते. परंतु तिला फारसा पुरावा नाही. हंगामी स्थलांतरात बायका एकमेकींच्या नक्षी उचलीत, त्यामुळे त्या किनाराभर पसरल्या. वारशाच्या प्रचारात सुंदर कथा सत्यावर मात करतात, त्याचे हे एक उदाहरण आहे.

उत्तरेकडील विक हे एकोणिसाव्या शतकात हेरिंगचे अग्रगण्य बंदर होते व १८६० नंतरच्या काही हंगामांत तेथून हजाराहून अधिक नौका निघत. तेथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘विक सोसायटी’ या संस्थेचे काम स्वयंसेवक पाहतात. जॉन्स्टन घराण्यातील तीन पिढ्यांनी १८६३ ते १९७५ या काळात टिपलेली हजारो छायाचित्रे तिने सांभाळली असून आर्ब्रोथ येथे १८९० मध्ये बांधलेली ‘इझाबेला फॉर्च्युना’ ही नौका १९९७ मध्ये विकत घेऊन दुरुस्त केली. पोर्टसॉय येथे बंदराच्या त्रिशताब्दीनिमित्त १९९३ मध्ये सुरू झालेला पारंपरिक नौकांचा उत्सव पुढे वार्षिक बनला.

आयमथची स्मृती निराळ्या प्रकारची आहे. १४ ऑक्टोबर १८८१ रोजीच्या वादळात आग्नेय किनाऱ्यावरील १८९ मच्छीमार मरण पावले; त्यांपैकी १२९ एकट्या आयमथचे होते. कित्येक नौका बंदराच्या तोंडाशी, धक्क्यावर उभ्या असलेल्या नातलगांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. शताब्दीच्या वर्षी, १९८१ मध्ये, गावातील स्त्रियांनी या घटनेचे भरतकामातील चित्रपट तयार केले. त्यानंतर उभारलेल्या जिल वॉट्सन यांच्या काशाच्या शिल्पात बुडालेले पुरुष नाहीत; किनाऱ्यावर उभ्या असलेल्या ७८ विधवा व १८२ मुले आहेत.

या सर्व संस्थांपुढील अडचणी सारख्याच आहेत. लाकडी नौकेचा देखभालखर्च कधी संपत नाही. अनुदाने बहुधा मोठ्या दुरुस्तीसाठी मिळतात, रोजच्या रंगडांबरासाठी नाही. ज्यांनी शिडाच्या नौकांवर काम केले होते, ती पिढी गेली. पुढील स्वयंसेवक त्यांच्या शिष्यांचे शिष्य आहेत. शिवाय फाइफच्या किनाऱ्यावरील अनेक जुनी मच्छीमार घरे सुटीतील निवासस्थाने बनल्यामुळे वर्षभर गावात राहणारे हात कमी झाले.

या परिस्थितीत संग्रहालयाने एक वेगळा प्रयोग केला. फाइफच्या कोळसा खाणींतील गावांमध्ये पूर्वी वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होत असत. ती प्रथा पुन्हा सुरू करण्यासाठी संग्रहालयाने ऑस्ट्रेलियात जन्मलेले व स्काय बेटावर स्थायिक झालेले नौकारचनाकार इअन ऊट्रेड यांच्याकडून एक होडी आखून घेतली. शेटलंडमधील फेअर बेटाच्या पारंपरिक होडीवर आधारलेल्या या होडीला जागेवरून ‘सेंट आइल्स स्किफ’ हे नाव मिळाले. ती सु. ६·७ मी. लांब असून चार वल्हेकरी व एक सुकाणूधारी तिच्यात बसतात. प्लायवुडचे कापलेले भाग संचरूपाने विकत घेऊन गावकऱ्यांनी स्वतः जोडावयाचे, ही तिची मुख्य कल्पना होय. पहिली होडी २००९ मध्ये पाण्यात उतरली व मे २०१० मध्ये ॲन्स्ट्रदर येथे पहिल्या शर्यती झाल्या. अलापूल (२०१३), स्ट्रँगफर्ड लॉक (२०१६) व स्ट्रॅनरार (२०१९) येथे जागतिक स्पर्धा भरल्या. नेदर्लंड्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही अशा होड्या बांधल्या गेल्या.

प्लायवुडची, मासे न पकडणारी ही होडी वारसा कशी, असा प्रश्न जुन्या नौकांच्या अभिमान्यांनी विचारला. हा प्रश्न योग्य आहे. कारण तीत जाळी नाहीत, मीठ नाही व पोटाची चिंताही नाही. परंतु फळीवर फळी चढवून होडीचा आकार साधणे, भरतीची वेळ ओळखणे व लाटेत होडी काठाला लावणे या गोष्टी तिच्यामुळे अनेक गावांतील, मासेमारीशी संबंध नसलेली माणसेही शिकली. स्पर्धेच्या नियमांत होडीचा आकार व वजन निश्चित केलेले असले, तरी वल्ह्यांना बरीच मोकळीक आहे. साहजिकच वल्ह्याची लांबी किती असावी, पाते किती रुंद घ्यावे व लाकूड कोणते निवडावे, याविषयी गावागावांत मतभेद असून दर हिवाळ्यात नवी वल्ही तासली जातात.