गीक, नर्ड आणि आपला 'वेडा'

चारचौघांत न रुळणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत 'नर्ड' आणि 'गीक' हे शब्द जोडीने येतात. त्यांची कुळे मात्र निराळी. 'गीक'चे मूळ मूर्ख या अर्थाच्या जुन्या जर्मन वळणाच्या शब्दात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी जत्रांत जिवंत कोंबडीची मुंडी दाताने तोडणाऱ्या खेळकऱ्याला तो चिकटला. 'नर्ड' १९५० साली डॉ. स्यूस यांच्या बालपुस्तकात एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून छापला गेला. आज नर्ड म्हटले की पुस्तकीपणा व संकोच सुचतो, गीक म्हटले की एखाद्या विषयाचे झपाटलेपण. संगणकयुगात या झपाटलेपणाला मोल आले आणि शिवीची पदवी झाली.

मराठीत असा प्रवास 'वेडा' या शब्दाने फार पूर्वी केला. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी हे लपवले नाही आणि महानुभावांनी त्यांना पंचकृष्णांत स्थान दिले. लीळाचरित्रातले निळभट्ट भांडारेकार, ज्यांच्या नावातच आमचा भंडारा आहे, चक्रधरांमागे निघाले. व्यवहाराच्या मापाने हेही वेडच.

इतर शब्दांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. 'भोळा' म्हणताना आपण माणसाला क्षमा करतो, 'बावळट' म्हणताना त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याला हसतो. 'अजागळ' हा शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या निरुपयोगी स्तनावरून आलेला. त्यात गबाळेपणाचा दोष आहे. 'गावंढळ' मात्र माणसाचा कोणताच दोष सांगत नाही, तो केवळ त्याचा पत्ता सांगतो.

म्हणूनच हा शब्द आम्हांला सर्वांत अन्यायाचा वाटतो. झाडीपट्टीतला विद्यार्थी 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, वर्गात खसखस पिकते आणि तो पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. वास्तविक 'ण'च्या जागी 'न' हा झाडीबोलीचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, ते हेच दाखवण्यासाठी.

शब्द आपोआप उजळत नाहीत. 'गीक' पैशाने उजळला, 'वेडा' भक्तीने. 'गावंढळ' उजळायचा तर ते काम वर्गातच व्हावे लागेल: हसू उमटण्याआधी नियम फळ्यावर लिहून.