पासपोर्टाचा पहारा

परदेशी जायचे तर पासपोर्ट आणि व्हिसा हवाच, असे आपण धरून चालतो. पण १९१४ पूर्वी, रशिया व तुर्कस्तान सोडल्यास, युरोपात बहुतेक ठिकाणी प्रवासी कागदावाचून हिंडत असे. महायुद्धात हेरांच्या भीतीने पहारे बसले. युद्ध सरले, पहारे राहिले. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पासपोर्टाचा ३२ पानी नमुना ठरविला. निर्बंध उठेपर्यंतची सोय, एवढीच त्याची कल्पना होती! पुढे १९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. पासपोर्ट हक्काचा झाला. व्हिसा मात्र परक्याच्या मर्जीवर राहिला. शेंगेन देशांत सहलीला जाणाऱ्या भारतीयाला खर्चाची ऐपत दाखवावी लागते. रोजंदारीवरचा कामगार ती कोठून दाखविणार? हेरासाठी बसविलेला पहारा आज गरिबाला अडवितो.