पिठाचा खण ओकचा

रेगेन्सबर्गच्या जुन्या गावात राहतो, म्हणून स्वयंपाकघर नवं करायचं ठरल्यावर सुताराआधी वास्तुसंरक्षण खात्याकडे गेलो. महायुद्धात हा भाग बराचसा वाचला. इथल्या कित्येक भिंती मध्ययुगातल्या आहेत. बव्हेरियाचा संरक्षण कायदा १९७३चा, जागतिक वारशाचा मान २००६चा. अशा घरांत उघड्या चुलीवर रांधत. दगडी पुलाजवळच्या जुन्या खानावळीत सॉसेज अजूनही कोळशावर भाजतात.

आराखड्यासाठी मात्र मी १९२६चं फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर समोर ठेवलं. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी कामगारांच्या घरांसाठी ते आखलं, नमुना रेल्वेच्या भोजनडब्याचा. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर जागा, पण बाईची एकेक हालचाल घड्याळ लावून मोजलेली. तांदूळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण, ओतायला चोच असलेले. पिठाचा खण तेवढा ओकचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिनने अळ्या दूर राहतात. धान्यात कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या माझ्या आजीला हे लगेच पटलं असतं. इतका बारीक विचार मला आजच्या चकचकीत दुकानांत दिसत नाही.

ज्वारीच्या पिठासाठी मी ओकचाच खण सांगितला आहे. फोडणीचा धूर कुठून काढायचा, हे खात्याला विचारूनच ठरेल.