गृध्रसीची कुळकथा

पाण्याची घागर उचलतांना कमरेंत उसण भरते. चार दिवसांनीं ती ओसरल्यासारखी वाटते, आणि मग तीच कळ नितंबांतून मांडीच्या मागल्या अंगानें पोटरींत उतरते. खोकला आला कीं पायांतून वीज खेळल्यासारखें होतें. पुढें अंगठ्याशीं मुंग्या येऊं लागतात, आणि पायांतली चप्पल निसटली तरी समजत नाहीं. घरांतील वडील मंडळी 'वात धरला' म्हणून तेल चोळावयास बसतात. मोडलें तें कमरेंत, मग पाय कां बधिर व्हावा, असा रोग्याला प्रश्न पडतो. या साध्या प्रश्नाचें नीट उत्तर मिळावयास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

आपल्याकडे या व्याधीचें नांव 'गृध्रसी'. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव, असें सांगतात. चरकसंहितेंत वेदनेची वाट पायरीपायरीनें दिली आहे: आरंभ नितंबापाशीं, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि शेवटीं पाऊल. सुश्रुतानें आणखी एक खूण नोंदली. टांचेकडील व बोटांकडील कंडरा वातानें पीडित झाल्या म्हणजे रोग्याला पाय उचलून टाकतां येत नाहीं. ही खूण किती मोलाची होती तें पुढें दिसेल. कारण मात्र वाताच्या पलीकडे गेलें नाहीं. ग्रीक वैद्यांनीं तर खुब्यावरूनच रोगाचें नांव ठेवलें, आणि त्याच नांवाचा अपभ्रंश होत होत आजचा 'सायटिका' हा शब्द झाला. या नांवानें मोठी दिशाभूल केली. खुबा दुखतो म्हणून खुबा डागावा, हा उपचार शतकानुशतकें चालला.

१७६४ सालीं नेपल्स शहरांत दोमेनिको कोतुन्यो या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्यानें एक पुस्तक लिहिलें. खुब्याच्या सांध्याचें दुखणें निराळें आणि मांडीमागून जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूचें दुखणें निराळें, असा भेद त्यानें केला. तंतूच्या वेष्टनांत दूषित द्रव सांचतो, ही त्याची कल्पना चुकीची ठरली. गुडघ्याखालीं पलिस्तर लावून तो द्रव काढण्याचा त्याचा उपायहि मागें पडला. परंतु रोगाचा पत्ता खुब्यावरून मज्जातंतूवर आला, ही मोठी मजल होय.

यानंतर सुश्रुताची खूण पुन्हा सांपडली, आणि तीहि दोन ठिकाणीं. पॅरिसचे प्राध्यापक लासेग रोग्याला उताणें निजवून त्याचा पाय गुडघ्यांत न वांकवितां वर उचलीत. कळ आली तर निदान पक्कें. ही परीक्षा त्यांच्या शिष्यानें १८८१ सालीं आपल्या प्रबंधांत प्रसिद्ध केली. पण सर्बिया देशांतील लाझा लाझारेविच यांनीं १८८० मध्येंच ती छापली होती. लासेग यांच्या मतें मांडीचे स्नायु तंतूला दाबतात. लाझारेविच यांनीं तंतु ताणला जातो हें खरें कारण ओळखलें. हे गृहस्थ सर्बियन भाषेंतले नामवंत कथालेखकहि होते. तरी जगभर परीक्षेला नांव लागलें तें लासेगचें. लहान भाषेंत लिहिणाऱ्याच्या वांट्याला हें पुष्कळदां येतें.

मूळ मात्र अजून वरच होतें. दोन मणक्यांमध्यें कूर्चेची एक चकती असते. भोंवतीं चिवट धाग्यांचें कडें आणि आंत मऊ गर. १९०८ सालीं बर्लिनमध्यें क्राउझे या शस्त्रवैद्यानें अशा एका रोग्याच्या कण्यांतून एक तुकडा काढला आणि रोग्याला आराम पडला. परंतु तो तुकडा कूर्चेची गांठ समजला गेला. उत्तर हातांत आलें, पण ओळख पटली नाहीं!

ती पटली बॉस्टन शहरांत. १९३२ च्या डिसेंबरांत मिक्स्टर यांनीं डॉक्टर बार यांच्या एका तरुण रोग्यावर शस्त्रक्रिया केली. निघालेला तुकडा बार यांनीं पुन्हा तपासविला, तेव्हां ती गांठ नसून चकतीचाच फुटलेला अंश असल्याचें दिसलें. मग रुग्णालयांत 'गांठी' म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने काढले, तर त्यांतलेहि बरेचसे तसेच निघाले! १९ रोग्यांचा त्यांचा निबंध १९३४ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध झाला. लोक 'गादी सरकली' म्हणतात. वस्तुतः गादी सरकत नाहीं, तिचें कडें फाटून गर बाहेर येतो, आणि शेजारून निघणाऱ्या तंतूच्या मुळाला दाबतो व दाह करतो. दबलेलें मूळ ज्या प्रदेशाचें, तो प्रदेश बधिर. चौथ्या-पांचव्या मणक्यांमधली चकती फुटली तर बहुधा अंगठ्याकडे बधिरता येते व चवडा उचलवत नाहीं. तिच्या खालची फुटली तर करंगळीकडे येते व चवड्यावर उभें राहणें अवघड जातें.

शोध लागला आणि शस्त्र मोकाट सुटलें. त्याला लगाम बसावयास अर्धशतक गेलें. नॉर्वेच्या वेबर यांनीं १२६ रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले व १९८३ सालीं निष्कर्ष छापले: पहिल्या वर्षीं शस्त्रक्रियेचा गट सरस, चौथ्या वर्षीं फरक नगण्य, दहाव्या वर्षीं मुळींच नाहीं. हॉलंडमधील २००७ च्या अभ्यासांतहि हेंच दिसलें. शस्त्रानें आराम लवकर पडतो, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच. बाहेर आलेला गर पुष्कळदां शरीरच हळूहळू शोषून घेतें. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना उपदेशहि टिकला नाहीं: १९९९ मध्यें १८३ रोग्यांत, दोन आठवडे निजून राहणाऱ्यांना हिंडत्याफिरत्या लोकांहून अधिक लाभ झाला नाहीं. १९९४ सालीं तर कमरेची कसलीच तक्रार नसलेल्या ९८ माणसांचीं एम्. आर्. आय्. चित्रें काढलीं, तेव्हां निम्म्याहून अधिकांच्या निदान एका चकतीला फुगवटा आढळला. तेव्हां नुसतें चित्र पाहून घाबरून जाण्यांत अर्थ नाहीं. रोग्याचा पाय काय सांगतो तें डॉक्टरांनीं हातानें तपासून पाहावें लागतें. सोसेल तितकें चालणें, वेदनेवर औषध आणि सहा-आठ आठवड्यांचा धीर, एवढ्यावर बहुतेकांचें भागतें.

धीर धरूं नये असे प्रसंग थोडे आहेत, पण ते घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावेत. पाऊल लुळें पडूं लागलें, बधिरता दिवसेंदिवस चढत चालली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. मज्जारज्जु कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीं संपतो. तेथून खालीं तंतूंचा जो झुबका लोंबतो त्याला त्याच्या आकारावरून 'अश्वपुच्छ' म्हणतात. मोठा तुकडा या झुबक्यावरच पडला म्हणजे खोगिरावर टेकणारा भाग, जांघेंत व गुदाभोंवतीं, बधिर होतो, लघवी अडते किंवा कळत नाहीं, कधीं दोन्ही पाय एकदम दुबळे होतात. हें सांगावयास रोगी लाजतो, आणि रात्र जाऊं द्यावी म्हणतो. पण तेथें तास मोजावे लागतात. त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें.